साक्षरतेनंतरची परीक्षा : महाराष्ट्रातील प्रौढांच्या वरच्या पायरीच्या पूर्वतयारीचा इतिहास (विशेष संदर्भ : अवसरी खुर्द, ता. आंबेगाव, जि. पुणे)

प्रस्तावना

प्रौढ शिक्षणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा मोहिमांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या साली कोणती मोहीम सुरू झाली, किती निरक्षर वर्गात आले, त्यांपैकी किती जण साक्षर म्हणून घोषित झाले, असा त्याचा ठरलेला साचा आहे. या साच्यात परीक्षा हा घटक शेवटच्या आकड्यापुरता येतो. वस्तुतः प्रौढाला काय शिकवायचे, किती शिकवायचे आणि कोठे थांबायचे हे पाठ्यपुस्तकापेक्षा परीक्षेनेच अधिक ठरविले आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील प्रौढांच्या परीक्षांचा, आणि त्यातही अक्षरओळखीच्या पुढील परीक्षेच्या पूर्वतयारीचा, विचार केला आहे. पहिल्या पायरीच्या परीक्षेसाठी येथे वेळोवेळी मोठी यंत्रणा उभी राहिली. वरच्या पायरीच्या परीक्षा कागदावर होत्या, परंतु तिच्यापर्यंत प्रौढाला नेणारी तयारी मात्र एखाद-दुसरा अपवाद वगळता कोणी पद्धतशीरपणे केली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

विवेचनास एक गाव समोर असावे म्हणून अवसरी खुर्द घेतले आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरील मंचरच्या परिसरातील हे गाव आंबेगाव तालुक्याच्या बागायती भागात येते. याच तालुक्याचा पश्चिमेकडील भाग डोंगराळ असून तेथे महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे. घोड नदीवरील डिंभे धरणाने तालुक्याचे जुने आंबेगाव पाण्याखाली गेले आणि पूर्वेकडील शेतीला कालव्याचे पाणी मिळाले. मंचरची बाजार समिती, पारगावचा भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आणि गावोगावच्या दूध संस्था यांच्याशी येथील शेतकरी कुटुंबाचा रोजचा व्यवहार चालतो. २००९ मध्ये अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झाले. ज्या गावात अभियांत्रिकीचे विद्यार्थी अभ्यासाला बसतात, त्याच गावपरिसरात आडतीची पट्टी दुसऱ्याकडून वाचून घेणारी पिढीही आहे. हा विरोध अवसरीपुरता नाही, पण येथे तो डोळ्यांना लगेच दिसतो.

साक्षर कोणास म्हणावे ?

जनगणनेने १९११ मध्ये एक सोपी कसोटी ठरविली होती. मित्राला पत्र लिहिता यावे आणि त्याचे आलेले उत्तर वाचता यावे. आजच्या दृष्टीने ही व्याख्या भाबडी वाटली तरी तिच्यात एक शहाणपण होते. ती वाचन आणि लेखन यांना एका खऱ्या व्यवहारात बांधत होती. स्वातंत्र्योत्तर जनगणनांनी कोणत्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येणे ही व्याख्या स्वीकारली, आणि १९९१ पासून सात वर्षे व त्यावरील वयोगट हा टक्केवारीचा आधार मानला. तथापि जनगणनेत कोणाचीही परीक्षा घेतली जात नाही. घरातील माणूस जे सांगेल ते नोंदले जाते. महाराष्ट्राचे साक्षरतेचे प्रमाण २००१ मध्ये ७६.८८ टक्के आणि २०११ मध्ये ८२.३४ टक्के होते. हे आकडे म्हणजे परीक्षेचा निकाल नव्हे, एवढे भान अभ्यासकाने ठेवणे आवश्यक आहे.

परीक्षेची काटेकोर व्याख्या राष्ट्रीय साक्षरता मिशनने केली. ५ मे १९८८ रोजी स्थापन झालेल्या या मिशनने प्रौढासाठी किमान पातळी आकड्यांत मांडली. मोठ्याने वाचन मिनिटास ३० शब्द, मूकवाचन मिनिटास ३५ शब्द, पाहून लेखन मिनिटास ७ शब्द आणि श्रुतलेखन मिनिटास ५ शब्द. गणितात १ ते १०० अंकांचे वाचन-लेखन, तीन अंकी बेरीज-वजाबाकी, दोन अंकी गुणाकार-भागाकार, दशमान वजने-मापे, नाणी, अंतर, क्षेत्रफळ व वेळ यांचे कामचलाऊ ज्ञान, तसेच प्रमाण व व्याज यांची ढोबळ कल्पना. मात्र अपूर्णांक त्यातून स्पष्टपणे वगळले होते.

या निकषांचा अर्थ व्यवहारात लावून पाहिला पाहिजे. तीनशे शब्दांची नोटीस या गतीने वाचण्यास दहा मिनिटे लागतात. पन्नास शब्दांचा अर्ज कोणी सांगत असेल तर तो उतरवून घेण्यासही दहा मिनिटे. तलाठी कार्यालयात किंवा बँकेच्या खिडकीपाशी मागे रांग उभी असताना दहा मिनिटे कोणी देत नाही. म्हणजे या परीक्षेत उत्तीर्ण झालेली व्यक्ती घरी, निवांतपणे वाचू शकते. चारचौघांत मात्र ती पुन्हा अंगठ्याकडे वळण्याचा संभव राहतो. मिशनच्या तज्ज्ञांना हे ठाऊक नव्हते असे नाही. या निकषाला त्यांनी ‘किमान’ म्हटले होते आणि त्यापुढे साक्षरोत्तर टप्पा गृहीत धरला होता. प्रश्न त्या गृहीतकाचा आहे.

वरच्या पायरीची जुनी उदाहरणे

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी व कामकरी यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली. प्रौढांच्या शिक्षणाचा आरंभ आपण येथून मानतो. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते १८८२ चे निवेदन, जे जोतीरावांनी हंटर आयोगापुढे सादर केले. प्राथमिक शिक्षणात मोडी व बाळबोध अशा दोन्ही लिप्यांचे लेखन-वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल व व्याकरण यांची ओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि नीती व आरोग्य यांचे पाठ असावेत, अशी त्यांची मागणी होती. ती मुलांच्या शाळांसंबंधी होती; पण शेतकऱ्याला कोणते वाचन उपयोगी पडते याची तीतील जाण प्रौढ शिक्षणालाही लागू पडते. मोडीचा उल्लेख येथे विशेष लक्षात घ्यावा. जमिनीचे, कर्जाचे व वतनाचे कागद त्या काळी मोडीत असत. बाळबोध वाचणारा शेतकरी छापील पोथी वाचू शकेल, पण सावकाराचे खत त्याला बंदच राहील. साक्षर असूनही आपल्याच कागदासमोर निरक्षर ठरण्याची ही स्थिती जोतीरावांनी नेमकी ओळखली होती.

परीक्षेची खरी पूर्वतयारी प्रथम दिसते ती स्त्रियांच्या संस्थांत. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुणे सेवासदनाची स्थापना झाली. रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांनी चालविलेल्या या संस्थेत संसारी व विधवा प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग असत. त्या वर्गांचे वैशिष्ट्य असे की ते अक्षरओळखीवर थांबत नसत. व्हर्नाक्युलर फायनल ही त्या काळची मराठी सातवी अखेरची परीक्षा. ती उत्तीर्ण झालेल्या स्त्रीला अध्यापिका प्रशिक्षण घेता येई आणि प्रशिक्षणानंतर मराठी शाळेत नोकरी मिळे. संस्थेने अध्यापिका विद्यालय चालविले आणि परिचारिका प्रशिक्षणाकडेही वाट काढली. पंचविशी-तिशीतील स्त्री घरकाम आटोपून दुपारी वर्गात येई, तेव्हा परीक्षेपलीकडे तिला पगाराची नोकरी दिसत असे. या एका कारणामुळे ती सातवीपर्यंतची लांबलचक वाट चालून जाऊ शके. धोंडो केशव कर्वे यांच्या १८९६ च्या अनाथ बालिकाश्रमाच्या कार्यातही हेच सूत्र होते.

स्वातंत्र्यानंतर केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५८ मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. थोडेफार शिकून शाळा सुटलेल्या स्त्रियांना दोन वर्षांत माध्यमिक किंवा शालान्त परीक्षेला बसविणे हा त्यांचा उद्देश होता. ग्रामसेविका, बालसेविका, परिचारिका, शिक्षिका अशा पदांसाठी शिकलेल्या स्त्रिया हव्या होत्या आणि त्या मिळत नव्हत्या, हे त्यामागील कारण. सेवासदन आणि संक्षिप्त अभ्यासक्रम या दोन उदाहरणांत वरची परीक्षा आणि तिची तयारी एकत्र दिसते. दोन्ही ठिकाणी संख्या लहान, कालावधी मोठा आणि परीक्षेच्या पलीकडे काही ठोस होते. ती मुख्यतः नगरांत व मोठ्या गावांत राहिली, ही त्यांची मर्यादा.

मोहिमांचा काळ

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि प्रौढ शिक्षण हा प्रथमच शासनाच्या कार्यक्रमाचा भाग झाला. १९३९ मध्ये मुंबई शहरासाठी प्रौढ शिक्षण समिती स्थापन झाली. गिरणगावातील कामगारांसाठी तिने साक्षरता वर्गांबरोबर साक्षरोत्तर वर्गही चालविले, हे नोंदले पाहिजे. शहरात हे शक्य झाले, कारण कामगार चाळींत एकत्र राहत होते, शिक्षक उपलब्ध होते आणि सोशल सर्व्हिस लीगसारख्या १९११ पासून रात्रवर्ग व फिरती वाचनालये चालविणाऱ्या संस्था आधीपासून कार्यरत होत्या.

ग्रामीण महाराष्ट्रातील सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे ग्रामशिक्षण मोहीम. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ती सुरू झाली आणि पुढे काही वर्षांत राज्यभर पसरली. गाव हे तिचे एकक होते. शिक्षक, शिकलेले तरुण, ग्रामपंचायत अशा सर्वांनी मिळून गाव साक्षर करायचे, तपासणी झाली की ग्रामगौरव समारंभ करायचा, अशी तिची पद्धत होती. कोठारी आयोगानेही तिची दखल घेतली. या मोहिमेच्या काळाविषयी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी चलनात आली होती आणि १९५६ च्या कायद्यानुसार शेर-मणांची जागा टप्प्याटप्प्याने किलो-क्विंटल घेत होते. साताऱ्यातील प्रौढ विद्यार्थी अक्षरे शिकत होता तेव्हाच त्याचे तोंडी गणित, म्हणजे सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण, बाजारातून हद्दपार होत होते. जे येत होते ते गेले आणि नवे अर्धवट आले, अशी त्या पिढीची स्थिती झाली असावी.

ग्रामगौरव समारंभ हे मोहिमेचे बळ होते आणि तोच तिचा शेवटही ठरे. समारंभानंतर वाचनासाठी फिरती ग्रंथालये अभिप्रेत होती. परंतु गावाला एकदा गौरव मिळाल्यावर पुढील पायरीसाठी ना दिवस ठरलेला होता, ना परीक्षक. साक्षर झालेले पुन्हा निरक्षरतेकडे घसरतात, ही या मोहिमेवरील सर्वांत टिकाऊ टीका आहे आणि ती रास्त आहे.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. १५ ते ३५ वयोगटातील दहा कोटी निरक्षर आणि सुमारे दहा महिन्यांचा अभ्यासक्रम अशी त्याची कल्पना होती. पुण्यातील भारतीय शिक्षण संस्था, जिची स्थापना जे. पी. नाईक यांनी केली, तिच्याकडे राज्य साधन केंद्राचे काम आले. डॉ. चित्रा नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली या संस्थेने पुणे जिल्ह्यातील खेड्यांत अनौपचारिक शिक्षणाचे प्रयोग केले. शाळेबाहेरच्या मुलामुलींसाठी रात्रीचे वर्ग, गावच्याच व्यक्तीकडे अध्यापन आणि स्थानिक जीवनातून घेतलेले पाठ हे त्या प्रयोगांचे स्वरूप होते. प्रौढ शिक्षणाला त्यातून घेण्यासारखे पुष्कळ होते. घेतले गेले त्यापेक्षा निश्चितच अधिक.

संपूर्ण साक्षरता अभियानाच्या काळात परीक्षा वर्गाच्या आतच आली. एर्नाकुलम जिल्हा फेब्रुवारी १९९० मध्ये साक्षर घोषित झाल्यावर देशभर जिल्हावार अभियाने सुरू झाली. तीन भागांच्या वाचनपाठांत प्रत्येकी तीन अशा नऊ चाचण्या पुस्तकातच छापलेल्या असत. सुमारे २०० तासांत ते तीन भाग पुरे करायचे होते. वाचन, लेखन, अंकगणित यांत प्रत्येकी किमान ५० टक्के आणि एकूण ७० टक्के गुण मिळविणारा साक्षर, असा निकष होता. परीक्षाशास्त्राच्या दृष्टीने ही रचना उत्तम म्हणावी लागेल, कारण प्रौढाला परीक्षेची भीती वाटू नये असे तिचे स्वरूप होते. १९९४ मध्ये अरुण घोष यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने या अभियानांचे परीक्षण केले. साक्षरता टप्पा आणि साक्षरोत्तर टप्पा यांच्यातील खंडामुळे नवसाक्षर मागे पडतात, हा त्याचा एक महत्त्वाचा मुद्दा होता. पस्तीस वर्षांपूर्वी साताऱ्यात जे घडले तेच नव्या नावाने पुन्हा घडले.

वरच्या पायरीचा आशय : तोंडी हिशेब आणि कागद

वरची पायरी म्हणजे अधिक जोडाक्षरे आणि मोठ्या संख्या, एवढीच समजूत दिसते. मराठी प्रौढाच्या अडचणी याहून वेगळ्या ठिकाणी आहेत. ‘पंचवीस’ म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. मुलाला ही सवय पाठांतराने लागते; चाळिशीतील व्यक्ती श्रुतलेखनात सहज ५२ लिहून जाते. एकोणतीस, एकोणचाळीस यांत ‘एक उणे’ हे तत्त्व आहे, पण नव्व्याण्णवला ते लागू होत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी पर्यायी मांडणी आली तेव्हा मोठा गदारोळ झाला. प्रौढांच्या वर्गात शिकविलेल्यांस मात्र त्या मांडणीमागील अडचण परिचयाची वाटली असती.

अपूर्णांकांचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. मिशनच्या निकषांनी अपूर्णांक कठीण म्हणून वगळले. पण मराठी बाजारभाषा अपूर्णांकांवरच उभी आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द निरक्षर स्त्रीच्या तोंडी रोज असतात. पावणेतीनशे म्हणजे दोनशे पंच्याहत्तर हे तिला शिकवावे लागत नाही. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी पाठ करून घेत, ती याच व्यवहाराची लेखी-तोंडी बाजू होती. म्हणजे प्रौढ विद्यार्थ्याला जे उत्तम येते तेच परीक्षेने अवघड ठरवून बाजूला ठेवले, आणि जे त्याला परके आहे तेथून आरंभ केला. सातगाव पठारावरील बटाटा किंवा मंचरला जाणारा कांदा ‘पावणेदोन क्विंटल’ या शब्दांत बोलला जातो आणि पट्टीवर १.७५ असा छापला जातो. या दोहोंमधील पूल बांधणे हीच वरच्या पायरीची पूर्वतयारी होय.

जमिनीचे तसेच. बोलण्यात एकर आणि गुंठा, सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर. चाळीस गुंठ्यांचा एकर, शंभर आरांचा हेक्टर, आणि गुंठा व आर जवळजवळ सारखे असल्यामुळे होणारा घोटाळा वेगळाच. वारसनोंदीच्या वेळी बहिणीचे नाव सातबाऱ्यावर आहे की नाही, पोटखराबा किती धरला, इतर हक्कांच्या रकान्यात बोजा कोणाचा आहे, हे वाचता येणे म्हणजे मिनिटास तीस शब्द वाचणे नव्हे. त्यात रकाना वाचण्याचे कौशल्य लागते. रकाने, तक्ते, पावत्या, ऊसाच्या वजनकाट्याची चिठ्ठी आणि दूध संस्थेच्या नोंदीतील स्निग्धांशाचा दशांश यांचा सराव प्रौढांच्या पुस्तकांत गोष्टी व उपदेशपर पाठांच्या तुलनेत फार थोडा आला. मद्यपान आणि स्वच्छता यांवरील पाठ प्रौढांना पुष्कळ वाचावे लागले आहेत. पट्टी तपासायला शिकविणारा पाठ एखादाच.

अलीकडील चाचण्या

८ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झालेल्या साक्षर भारत कार्यक्रमात परीक्षा प्रथमच राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे गेली. वाचन, लेखन, अंकज्ञान यांना प्रत्येकी ५० असे १५० गुण, श्रेणी आणि प्रमाणपत्र अशी पद्धत आली. याच कार्यक्रमात समकक्षता शिक्षणाची तरतूद होती. प्रौढाने तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष अशा क्रमाने पुढे जायचे होते. परंतु २००१ च्या जनगणनेनुसार प्रौढ स्त्री-साक्षरता ५० टक्के वा त्याहून कमी असलेले जिल्हे मुख्यतः त्यासाठी पात्र होते. पुणे जिल्हा त्या यादीत बसत नव्हता. जिल्ह्याच्या सरासरीत पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवड यांचे वजन मोठे. त्या सरासरीखाली आंबेगावच्या डोंगराळ भागातील स्त्री आणि अवसरीतील साठीची शेतकरी स्त्री दोघीही झाकल्या गेल्या. २०१८ मध्ये हा कार्यक्रम संपला.

२०२२ ते २०२७ या कालावधीसाठी आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाने, म्हणजेच ‘उल्लास’ने, वयोमर्यादा १५ वर्षे व त्यापुढे अशी खुली ठेवली आणि जिल्ह्यांची अट काढली. शाळा हे एकक मानले. महाराष्ट्रात पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान चाचणी प्रथम १७ मार्च २०२४ रोजी आणि त्यानंतर २३ मार्च २०२५ रोजी झाली. दोन्ही दिवस रविवार होते आणि परीक्षार्थीने दिवसभरात आपल्या सोयीने यावे अशी मुभा होती. प्रौढाच्या दिनक्रमाचा हा विचार स्तुत्य आहे. मार्चमध्ये बागायती पट्ट्यात कांदा काढणीचे दिवस जवळ आलेले असतात, त्यामुळे या मुभेचे महत्त्व अधिकच. गुण पूर्वीप्रमाणेच १५०, मात्र प्रत्येक भागात ३३ टक्के मिळाले तरी उत्तीर्ण. एके काळी प्रत्येकी ५० व एकूण ७० टक्के, नंतर ४० आणि आता ३३, अशी ही रेषा खाली आली आहे. उंबरठा उतरविल्याने अधिक लोक आत येतात, आणि ते यावेतच. पण त्याच मापाने पुढील पायरी दूर जाते, हे लक्षात न घेता या प्रमाणपत्रांची संख्या मोजणे योग्य होणार नाही.

कागदावर पुढची पायरीही आहे. ‘उल्लास’च्या पाच घटकांत मूलभूत शिक्षण हा एक घटक असून त्यात तिसरी ते पाचवी, सहावी ते आठवी आणि पुढे बारावीपर्यंतची समकक्षता धरली आहे. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळामार्फत पाचवी व आठवीच्या परीक्षा देता येतात, दहावीला खाजगीरीत्या बसण्यासाठी सतरा नंबरचा अर्ज आहे. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने तर बारावी नसलेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारी अभ्यासक्रमच चालविला, आणि ‘पूर्वतयारी’ हा शब्द शिक्षणक्रमाच्या नावात आणला. त्या अभ्यासक्रमाने अनेक गृहिणींना व कामगारांना पदवीच्या दारापर्यंत नेले. पण तो वाचता-लिहिता येणाऱ्यांसाठी होता. मार्चमधील चाचणी ३३ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेली स्त्री आणि मुक्त विद्यालयाची पाचवी यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्यासाठी स्वयंसेवक नेमलेला नाही, पुस्तक ठरलेले नाही आणि वेळापत्रकही नाही.

महाविद्यालयांपुढे हा प्रश्न आता प्रत्यक्ष आला आहे. विद्यार्थ्यांनी स्वयंसेवक म्हणून प्रौढांना शिकवावे अशी ‘उल्लास’ची अपेक्षा आहे आणि एक विद्यार्थी, एक निरक्षर या जोडीची नोंद करण्यात प्राध्यापकांचा बराच वेळ जातो. अवसरी खुर्दसारख्या गावात अभियांत्रिकीचा विद्यार्थी दशांश चिन्ह समजावू शकतो, आलेख वाचू शकतो. पण ‘पाऊणकी’ म्हणजे काय हे त्याला बहुधा त्याच्या विद्यार्थिनीकडूनच ऐकावे लागेल. नोंदणीचे काम मार्चच्या चाचणीशी संपते. एप्रिलपासून जूनपर्यंत, उन्हाळी कामे आटोपून पेरणी सुरू होईपर्यंत, गावातल्या बायकांना संध्याकाळी तासभर सवड असते आणि महाविद्यालयांना त्याच काळात परीक्षा व सुट्ट्या असतात. पाचवीच्या तयारीचा वर्ग चालवायचा तर तो याच महिन्यांत बसवावा लागेल. त्यासाठी प्रथम सातबारा, आडतीची पट्टी, दूध संस्थेची चिठ्ठी आणि बचत गटाचे पासबुक हे चार कागद प्रत्येकीने आपापल्या घरून आणावे लागतील.